एकाच कनेक्शनवर दोघी

(शहापूर, २००६ सालचा हिवाळा. एका आरोग्य-संस्थेचं ऑफिस, सकाळ. दीपेश संस्थेचं कॉम्प्युटरचं काम बघतो. प्रेमा डोळखांबकडच्या पाड्यांवर फिरणारी आरोग्यसेविका.)

प्रेमा: मग हा कागद छापला कोणी, ते सांग ना.

दीपेश: इथूनच छापलाय, प्रेमाताई. शिक्का आपला आहे, तारीख आपली आहे. मी कुठं नाही म्हणतोय?

प्रेमा: काय लिवलंय त्यावर? मोठ्यानं वाच.

दीपेश: बाळी धोंडी. सिकलसेल तपासणी. दोष नाही.

प्रेमा: आन् आता तुझ्या पडद्यावर?

दीपेश: वाहक.

प्रेमा: सरकारी दवाखान्याचा रिपोर्ट पण तेच बोलतो. चौथा महिना लागला म्हणून पोरीला रक्त तपासायला नेली. आमच्या पाड्यावरची बाई दिसली की ते सिकल परत बघतात. वाहक. रक्तात अर्धा दोष. आधी मी आपल्या लॅबवाल्या बाईवर धावून गेले. ती बोलली, मी पहिल्यापासून वाहकच भरलंय. मला वाटलं खोटं बोलते. नको नको ते बोलले तिला. आता तुझा पडदा तिचीच बाजू घेतोय.

दीपेश: त्यांनी बरोबर भरलंय. आत साठवलेलंही बरोबर आहे. नुसतं छापून बाहेर आलेलं चूक आहे.

प्रेमा: आत एक आन् बाहेर एक, असं होतं काय कंप्युटरमदे?

दीपेश: व्हायला नको. बाळी तुमची कोण?

प्रेमा: माझ्या भावाची पोर. मीच अडवलं होतं तिचं लगीन. शाम, तिचा होणारा नवरा, वाहक हाय, ते आदीच कळलेलं. नवरा वाहक, बायको पण वाहक, मग पोराला पुरा आजार व्हायची भीती. मी पाड्यावर सगळ्यांसमोर बोलले, बाळीचं रक्त बघितल्याबिगर अक्षता पडायच्या नाय. शिव्या खाल्ल्या. मग तुझा हा कागद आला, दोष नाय. मीच वाचून दाखवला. दुसऱ्या दिवशी मांडव घातला आमी.

दीपेश: बसा जरा. पाणी प्या.

प्रेमा: पाणी नको मला. कसं झालं ते पाहिजे.

दीपेश: कागद छापला तो दिवस शिबिराचा होता ना?

प्रेमा: शिबिराचाच. मुरबाडला होतं, किन्हवलीला होतं, इथं पण होतं. तिन्हीकडं लोकं बसलेली.

दीपेश: आणि तिन्हीकडून एकदम निकाल छापत होते.

प्रेमा: मग? त्यात काय?

दीपेश: सांगतो. मलाही बोलता बोलताच कळेल. सगळ्यांचे निकाल ठाण्याला एका भाड्याच्या सर्वरवर आहेत. त्याला आपण डेटाबेस म्हणतो. इथून कोणी नाव टाकलं की डेटाबेसपर्यंत एक लाइन उघडावी लागते. कनेक्शन. फोनची असते तशी समजा. पहिल्यांदा मी लिहिलं होतं, तेव्हा वेबसाइटचं प्रत्येक पान आपापलं कनेक्शन उघडायचं. आणि बंद करायचं राहून जायचं.

प्रेमा: तवाच ते अडकायचं. लोकं उन्हात बसून राहायची, आमी नुस्तं थांबा थांबा बोलायचो.

दीपेश: तेच. सर्वर मोजकीच कनेक्शनं देतो. ती संपली की पुढच्याला मिळतच नाही. म्हणून मी दुसरी तऱ्हा काढली. जावा भाषेत एक क्लास लिहिला, म्हणजे एक साचा. त्यातून एकच वस्तू, म्हणजे ऑब्जेक्ट, बनवायचं, त्याच्या पोटात एकच कनेक्शन, आणि सगळ्या पानांनी त्याच्याकडंच मागायचं. मुरबाडनं, किन्हवलीनं, आपण, सगळ्यांनी मिळून एकच. त्या दिवसापासून अडकणं बंद झालं. संस्थेच्या सरांनी सगळ्यांना पेढे दिले होते.

प्रेमा: मी पण खाल्लाय.

दीपेश: थांबा. मी निकाल शोधला की एक ओळ येते. ओळीत नाव, गाव, निकाल. ती ओळ मी कुठं ठेवली... हां. हे बघा. त्याच ऑब्जेक्टमधे ठेवली.

प्रेमा: मला काय दिसणार त्यात?

दीपेश: उठा, पलीकडच्या मशिनवर बसा. ही शिबिराची नाही, चाचणीची वेबसाइट आहे. एखादं नाव सांगा, जिच्या रक्तात काही नाही अशी.

प्रेमा: काजल. किन्हवलीच्या होस्टेलची. तिच्या रक्तात काय नाय, तीन ठिकाणी बघितलंय.

दीपेश: तिचं नाव टाका. शोधाचं बटण दाबू नका अजून. मी इथं बाळीचं टाकतो. आणि ह्याला नाव वाचल्यावर जरा थांबायला लावतो, मग निकाल वाचायला सांगतो. शिबिरात हा थांबा डोळा मिटण्याएवढा पण नसणार. आपल्याला दिसावा म्हणून वाढवतोय. मी दाबलं. आता तुम्ही दाबा.

प्रेमा: दाबलं. माझ्याकडं काजल आली. दोष नाय. बरोबर हाय. तुझ्याकडं?

दीपेश: या इकडं.

प्रेमा: बाळी धोंडी. दोष... अरे!

दीपेश: नाव बाळीचं. निकाल काजलचा.

प्रेमा: परत कर.

दीपेश: परत करू. जा, बसा. हां, मी दाबलं.

प्रेमा: मी पण दाबलं. काय आलं?

दीपेश: तेच.

प्रेमा: म्हणजे मी इथं बोट ठेवलं आन् तिथं बाळीचं रक्त बदललं.

दीपेश: रक्त बदललं नाही. आतली नोंद पण बदलली नाही. माझ्या पानानं बाळीचं नाव वाचलं, तेवढ्यात तुमचं पान आलं, त्याच ऑब्जेक्टला काजल मागितली. त्यानं बाळीची ओळ टाकून काजलची ओळ धरली. माझं पान निकाल घ्यायला परत गेलं, तर हातात काजल. त्याला कळणार कसं? त्यानं छापून टाकलं.

प्रेमा: कोण होती ती त्या दिवशी? जिचा निकाल बाळीला लागला?

दीपेश: ते आता कळायचं नाही. आणि बाळी एकटीच असेल असंही नाही.

प्रेमा: किती कागद वाटलेत आपण!

दीपेश: मुरबाडला फोन करतो. किन्हवलीलाही. आजपासून छापणं बंद. हे नीट करायला मला फार वेळ नाही लागणार. थोडी कनेक्शनं आधीच उघडून ठेवायची. ज्याला काम आहे त्यानं एक घ्यायचं, दुसऱ्या कोणी तेवढा वेळ त्याला हात लावायचा नाही, काम झालं की परत ठेवायचं, काम बिघडलं तरी परत ठेवायचं. आणि आलेली ओळ ज्यानं मागितली त्याच्याच हातात. वाटून घ्यायची ती लाइन. उत्तर वाटून नाही घ्यायचं.

प्रेमा: ते तू कर. मला उद्या बाळीकडं जायचंय, तिला काय सांगू ते बोल.

दीपेश: आधी सरांना कळवावं लागेल.

प्रेमा: कळव. मी हितंच उभी हाय.

दीपेश: हॅलो, सर? दीपेश. शहापूरवरून. नाही, चालू आहे सर, अडकलं नाही... सर, निकालात चूक झालीय. छापताना. एकीच्या नावावर दुसरीचा निकाल. हो, मी करून बघितलं, होतंय... नाही सर, लॅबची नाही, माझीच... ते आज करतो. पण वाटलेल्या कागदांचं? ... हो. हो. सर, पण एक मुलगी गरोदर आहे आणि तिचा... बरं. ठेवतो, सर.

प्रेमा: काय बोलले?

दीपेश: सगळे निकाल परत छापा. पाड्यावर जाऊन जुना कागद घ्या, नवा द्या. कोणी विचारलं तर सांगा, दुसऱ्यांदा तपासणी झाली, त्यात असं निघालं.

प्रेमा: दुसऱ्यांदा तपासणी कुठं झाली?

दीपेश: म्हणाले, नाहीतर लोक पुढं रक्तच देणार नाहीत. इतक्या वर्षांचं काम बुडेल. ते अगदीच खोटं नाही, ताई.

प्रेमा: नाय, ते खरं हाय. पहिल्यांदा रक्त मागायला गेले तर बाया माझ्यावर कुत्री सोडायच्या. मीच एकेक घर केलंय. मला ठाऊक हाय काय बुडंल ते. पण दीपेश, माझा लखमा कशानं गेला, तुला म्हायती हाय?

दीपेश: सिकलनं. एवढंच ऐकलंय.

प्रेमा: सिकल हा शब्द मला तो गेल्यावर कळला. तवर कोणी बोललं कावीळ, कोणी बोललं संधिवात, कोणी बोललं बाहेरचं लागलं. सगळे मोठ्या तोंडानं सांगायचे आन् मी सगळ्यांचं खरं धरायचे. चौथीत होता पोरगा. मी हे काम धरलं ते एवढ्यासाठी, की निदान कोणीतरी खरं ते सांगावं. आता मीच जाऊन बाळीला खोटं सांगू?

दीपेश: तुम्ही नका सांगू.

प्रेमा: मग?

दीपेश: मी येतो. आज हे लिहून पुरं करतो. उद्या सकाळच्या डोळखांब गाडीला भेटू.

*

बाळी: आत्ते! तू ह्या येळला? आन् ह्यो कोन?

प्रेमा: शहापूरचा दीपेश. आमच्या संस्थेचा कंप्युटर हाच सांभाळतो. मूळचा किन्हवलीचा. शाम कुठं गो?

बाळी: डोळखांबला गेलाय, पत्रा आनायला. बसा की. ही नाचनी सारते बाजूला. सर, तुमी हितं बसा, सारवलंय, पन सुकलंय आता.

दीपेश: सर नको म्हणू मला.

बाळी: मंग काय बोलू?

प्रेमा: दादा बोल. बाळी, तुझ्या रक्ताचं सांगायला आलोय.

बाळी: कमी हाय, ते ना? गोळ्या खाते मी. तोंडाला लोखंडावानी वास येतो, तरी खाते. इचार सासूला.

प्रेमा: ते नाय गो.

दीपेश: बाळी, लग्नाच्या आधी तुझ्या रक्ताचा कागद आला होता. दोष नाही म्हणून. तो चुकीचा होता. तुझ्या रक्तात दोष आहे. अर्धा. शामच्या आहे तेवढाच.

प्रेमा: बाळी?

बाळी: सूप निसटलं हातातनं. थांब, उचलते. कोंबड्या खातील.

प्रेमा: राहू दे. मी उचलते.

बाळी: मंग पोर?

दीपेश: पोराला आजार होईलच असं नाही. दोघंही वाहक असले की होऊ शकतो. चारांत एकाला, असा अंदाज असतो. पण तुझ्या पोराचं काय, ते आज कोणी सांगू शकत नाही.

बाळी: लखमादादावानी आजार?

प्रेमा: हां. लखमावानी.

बाळी: माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडायचा. मी त्याचं पाय चेपायची. जोरात चेप बोलायचा, मंग जोरात चेपलं की रडायचा.

प्रेमा: ठाऊक हाय मला.

बाळी: कंप्युटर चुकला म्हंता तुमी?

दीपेश: कंप्युटरला जसं सांगावं तसं तो करतो. त्याला सांगताना मी चुकलो. तुझं नाव आणि दुसऱ्या कोणाचा निकाल, दोन्ही एकाच जागी ठेवले गेले. त्या वेळी दुसरीकडं आणखी कोणीतरी आपला निकाल बघत होतं. तिचा निकाल तुझ्या नावाखाली छापला.

बाळी: ती कोन?

दीपेश: माहीत नाही.

बाळी: तिचं काय वाईट नाय ना झालं?

दीपेश: तिला तिचाच निकाल मिळाला असणार.

बाळी: बरं झालं तिचं. आत्ते, एक इचारू? खरा कागद आला आसता, तर तू मना शामला दिली आसतीस का?

प्रेमा: नाय.

बाळी: आबा तयार आसता तरी?

प्रेमा: तरी नाय. भावाच्या पाया पडले असते. तुझ्या पन पडले असते. पन होऊ दिलं नसतं.

बाळी: भिवंडीकडं भट्टीवर होतो आमी, दोन हंगाम. मी माती मळायची, तो इटा पाडायचा. मुकादम त्याला दुसरीकडं लावायचा, तो फिरून आमच्याच खळ्यावर यायचा. तू ते कागद येईपर्यंत थांबा बोललीस ना, तवा तो मना बोल्ला, कागद वाकडा आला तर मी ह्या मुलखात ऱ्हायाचा नाय. त्यो कागद सरळ आला. आमी किती नाचलो हळदीला. तू पन नाचलीस.

प्रेमा: नाचले.

बाळी: मंग मी आता कोनावर रागवू, सांग. ह्या दादावर रागवू? ह्याचं चुकलं म्हनून तर मना शाम मिळला.

दीपेश: माझ्यावर राग धरलास तरी चालेल.

बाळी: चालंल काय चालंल! तुमाला चालंल. मना घरात पोर घेऊन ऱ्हायाचंय. तुमच्या सायबानं धाडलं काय तुमाला?

दीपेश: नाही. त्यांनी सांगितलं होतं, दुसऱ्यांदा तपासणी झाली, त्यात निघालं, एवढंच बोला.

बाळी: मंग तसं का नाय बोललात? मना काय कळलं आसतं?

दीपेश: तुला वाटलं असतं, आपलं रक्त आज असं, उद्या तसं. पुढं पोराचा कागद येईल, त्यावर तरी विश्वास कसा ठेवशील?

बाळी: आता ठेवू काय?

दीपेश: लगेच ठेव, असं मी कुठल्या तोंडानं सांगू? पोराच्या वेळी माझ्यासमोर बस. आमचा बघू, दवाखान्याचा बघू, दोन्ही एकच निघाले तरच माझं खरं मान.

प्रेमा: बाळी, आजून एक हाय. मुंबईला एका मोठ्या दवाखान्यात पोटातल्या पोराचं बघता येतं. सुई घालून पाणी काढतात. आजून दिवस हायत. मी येते तुझ्यासंगं.

बाळी: आन् निघालं तर?

प्रेमा: तर ठेवायचं का नाय, ते तू आन् शामनं ठरवायचं. कायदा आडवा येत नाय. दुसरं कोणी तुमाला सांगायचं नाय. सासूनं नाय, मी पन नाय.

बाळी: तू काय केलं आसतंस? लखमादादा पोटात आसताना कळलं आसतं तर?

प्रेमा: ते नको विचारू मला.

बाळी: तुलाच इचारते. दुसऱ्या कोनाला इचारू?

प्रेमा: मला लखमा पायजे होता. जेवढा मिळला तेवढा तरी पायजे होता. पन त्याचे हातपाय दुखायचे, तो गुरावानी ओरडायचा, तवा मी देवाला बोललेय, घेऊन जा ह्याला. आपल्या तोंडानं बोललेय. दोनी खरं हाय, बाळी. त्यातलं कुठलं तुझ्या कामाचं, मला नाय कळत.

बाळी: रडू नको गो. दादा समोर बसलाय.

प्रेमा: बसू दे.

बाळी: शामला मी सांगते. तुमी थांबू नका. तो आल्यावर तुमाला बघंल, आदी तुमच्यावरच जाईल, मंग माझं बोलनं राहून जाईल. आमचं आमाला बोलू द्या.

दीपेश: मी उद्या येऊ?

बाळी: या. तो इचारंल, कसं झालं म्हनून. मना तुमच्यावानी नाय सांगता यायचं.

*

दीपेश: एवढ्या लहान पोरीला घेऊन शहापूरपर्यंत एकटीच आलीस? प्रेमाताई आज मुरबाडकडं गेल्यात, कागद बदलायला.

बाळी: ठाऊक हाय. म्हनून तर आज आले. आत्ती आसली की आदी ती रडंल, मंग मना तिलाच बघावं लागंल. शाम म्हसाला गेलाय, जत्रंत मांडव ठोकायचं काम लागलं.

दीपेश: बस. ह्या खुर्चीवर नको, ती हलते. इकडं. काय नाव ठेवलं हिचं?

बाळी: बारकी.

दीपेश: कागदावर काय लिहिलंय?

बाळी: कागदावर पन बारकीच. शाम बोल्ला, मोठी झाली की तिचं ती बदलंल. अजून चालू हाय तुमचं कागद बदलनं?

दीपेश: संपत आलं. वर्ष गेलं. सरांनी मला काढलं नाही, पण आता त्यांच्या मोठ्या बैठकांना मला नेत नाहीत. जाऊ दे. एकेक पाडा केला आम्ही दोघांनी. बरेच कागद बरोबर निघाले. काही चुकलेले निघाले. मुरबाडकडं एका पोरीचं लग्न उगाचच मोडलं होतं, तिच्यात काही नव्हतंच.

बाळी: मंग? परत जमलं?

दीपेश: नाही. मुलानं दुसरी केली होती. तिच्या आईनं आम्हाला दारातून आत घेतलं नाही. आम्ही बाहेरच उभं राहून सांगितलं.

बाळी: सांगितलंत ना पन.

दीपेश: सांगितलं.

बाळी: रक्त द्यायचं बंद झालं काय लोकांचं? तुमचा सायेब बोल्ला होता तसं?

दीपेश: काही पाड्यांवर झालं. प्रेमाताई परत जातात तिथं. बसतात, बोलतात. काही ठिकाणी परत सुरू झालंय. बाळी, तुला एक विचारायचं राहिलं होतं. मुंबईला तुम्ही गेलात, आणि तपासणी न करता परत आलात. ताईंनी मला एवढंच सांगितलं.

बाळी: गेलो ना. लई मोठा दवाखाना. बाकड्यावर बसलो. समोर एक बाई होती, तिच्या मांडीवर पोरगी. हातापायानं बारीक, डोळं पिवळं. मना कळलं, हिला तेच हाय. ती पोरगी शामच्या शर्टाची गुंडी धरून वढत होती. सोडंना. शाम तिच्यासंगं खेळत बसला. मंग आमचा नंबर पुकारला. मी उठले, तर शाम उठला नाय. बोल्ला, बाळी, निघालं तर तू काय करशील? मी बोलली, ठेवीन. तो बोल्ला, मी पन. मंग सुई कशाला? आत्ती लई चिडली. गाडीत बोलली नाय आमच्यासंगं. कल्यान आल्यावर तिनंच भेळ घेतली.

दीपेश: बरोबर केलंत की चूक, मला नाही सांगता येत.

बाळी: मना पन नाय येत. आता दाखवा कागद. दवाखान्याचा मी आनलाय, हा बघा. मना वाचता येतो, पन मी वाचला नाय. दोनी एकदम बघायचं, तुमीच बोलला होता.

दीपेश: हो. थांब. आज मुरबाडचं पण शिबिर चालू आहे, तिकडूनही छापतायत. तरी आता तसं होत नाही. प्रत्येकाला आपलं आपलं कनेक्शन मिळतं. तरी मी तुझ्यासमोर तीनदा काढतो.

बाळी: काढा.

दीपेश: हा पहिला. हा दुसरा. हा तिसरा. तिन्ही सारखे आहेत. आता तुझ्या हातातला उघड.

बाळी: बारकी शाम. वय... हे बरोबर हाय. सिकलसेल... ही इंग्रजी अक्षरं हायत, एस, एस. दादा, दोन एस म्हंजे?

दीपेश: माझ्याकडंही दोन एस आहेत, बाळी.

बाळी: म्हंजे पुरा.

दीपेश: पुरा आजार.

बाळी: तिन्ही कागदांवर?

दीपेश: तिन्हींवर. आणि तुझ्याही.

बाळी: मंग खरं हाय.

दीपेश: हो. खरं आहे.

बाळी: बरं.

दीपेश: तू रडलीस तरी चालेल. दार लोटून घेतो मी.

बाळी: नको. हवा येऊ दे तिला. घामेजलीय बघा, गाडीत गर्दी होती. दादा, लखमादादाला कळलं तवा तो केवढा होता?

दीपेश: त्याला कळलंच नाही कधी. तो गेल्यावर प्रेमाताईंना कळलं.

बाळी: हिचं आताच कळलं. अजून दात पन नाय आलं.

दीपेश: डॉक्टरबाई पलीकडच्या खोलीत आहेत. त्यांच्याकडं औषध आहे, ते आजपासूनच सुरू करतील. रोजचं आहे, चुकवायचं नाही. ताप आला तर पाड्यावर थांबायचं नाही, सरळ इकडं आणायची. थंडीत पांघरूण जास्त. आणि अशा पोरांच्या अंगातलं पाणी कमी झालं की दुखणं उठतं, म्हणून पाणी सारखं पाजत राहायचं, तिनं मागितलं नाही तरी.

बाळी: भट्टीवर नेता येईल?

दीपेश: ऊन, धूळ, रात्रीची थंडी. नको नेऊस.

बाळी: शामला सांगते. त्याला जायचं तर जाईल, नायतर हितंच काय तरी बघंल. मी नाय जायाची. तुमी नका असं तोंड करू, दादा. आत्ती आली की तिला पन असं तोंड करून सांगू नका. मी सांगते तिला.

दीपेश: बरं. चल, डॉक्टरबाईंकडं जाऊ.

बाळी: जरा थांबा. पानी पाजत ऱ्हायाचं बोललात ना? ते मडकं तुमचंच हाय ना? वाटी आसंल तर द्या, चमचा मी आनलाय.